भंडारदऱ्याचे तंबू आणि १ मेची ग्रामसभा

एप्रिल संपत आला की माझा फोन वाजायला लागतो. पुण्याचे, नाशिकचे, मुंबईचे. ओळखीचे, ओळखीच्यांचे ओळखीचे. "दादा, तुम्ही तिकडचेच ना? काजवे बघायला यायचंय. भंडारदऱ्याला टेंट कुठला बरा?" एकाने विचारलं, गळ टाकून मासे पकडता येतील का. एकाने विचारलं, रात्री म्युझिक चालतं ना?

चालतं. दुर्दैवाने चालतं.

दरवर्षी मी दोन-चार नंबर देऊन मोकळा होतो. यंदा लिहायचं ठरवलं, कारण परवा १ मे आहे आणि गावोगावी ग्रामसभा आहे. पोस्ट लांब आहे, चहा घेऊन बसा. ज्यांना शेवटपर्यंत वाचायचा कंटाळा आहे त्यांच्यासाठी माझं मत इथंच सांगतो. जलाशयाच्या काठी तंबू असावेत. पण थोडे असावेत, मोजून असावेत आणि गावाच्या हातात असावेत. किती तंबू, कुठं, दिवे किती वाजता बंद, हे ग्रामसभेनं ठराव करून वहीत लिहावं. वरून येणारी सरसकट बंदी मला मान्य नाही, आणि आत्ता जे मोकाट चाललंय तेही मान्य नाही.

बाहेरगावच्या वाचकांसाठी थोडी माहिती. भंडारदरा धरण अकोले तालुक्यात, प्रवरेवर. १९१० ला काम सुरू झालं, १९२६ ला पूर्ण झालं. म्हणजे यंदा शंभर वर्षं. २७० फूट उंच, अकरा टीएमसी पाणी. हे पाणी खाली ओझरच्या बंधाऱ्यावरून कालव्यांना जातं आणि त्यावर संगमनेर, राहाता, श्रीरामपूरचा ऊस उभा राहिला. ऊस खाली, साखर खाली, कारखाने खाली. वर, पाण्याच्या कडेला शेंडी, मुरशेत, पांजरे, उडदावणे, घाटघर, साम्रद, रतनवाडी, कोलटेंभे. महादेव कोळी आणि ठाकरांची गावं. भाताची खाचरं, नागली, वरई, हिरडा. १९८६ साली या सगळ्यावर कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य आलं. आधी जमीन पाण्याखाली गेली, मग उरलेल्या जंगलावर पाटी लागली. शंभर वर्षं या गावांनी खालच्यांसाठी पाणी सांभाळलंय. त्याच्या बदल्यात काय मिळालं, हा वेगळ्या पोस्टचा विषय आहे. पण तंबूंबद्दल बोलताना तो विसरता येत नाही.

कारण तंबूनं पहिल्यांदाच या काठावर रोख पैसा आणला. मार्च ते जून हे इथले सगळ्यात कोरडे महिने. भात संपलेला, पेरणी लांब. घरटी एक-दोन माणसं नारायणगावच्या मजूरबाजारात, नाहीतर घोटीकडं. मागच्या वर्षी त्या मजुरांवर बातमी करत होतो तेव्हा एक मावशी म्हणाल्या होत्या, "आता पोरगा जात न्हाई. तंबू लावतोय. घरीच हाये." त्या "घरीच हाये" मध्ये काय आहे ते, ज्याच्या घरातलं माणूस चार महिने दुसऱ्याच्या टोमॅटोत राबतं, त्यालाच कळेल. म्हणून शहरात बसून "सगळं बंद करा, निसर्ग वाचवा" असं लिहिणाऱ्यांशी माझं जमत नाही.

चांगला कॅम्प कसा असतो, तेही सांगतो. मी बघितलाय, राहिलोय. गावाचं नाव सांगत नाही, नाहीतर पुढच्या शनिवारी तिथंच गर्दी होईल.

आठ तंबू. नववा नाही. जागा मुरमाड माळाची, पाण्यापासून चांगली वर, झाडांच्या खाली नाही तर झाडांच्या बाजूला. मालक आणि मालकीण दोघं मिळून चालवतात. त्यांच्याच घरी जेवण: तांदळाची भाकरी, मासवडी नाही (लोक हटकून मागतात, पण ती खालच्या भागातली), तर उडदाचं घुटं, भात, आणि त्या दिवशी जाळ्यात काय लागलं असेल ते. लागलं नाही तर नाही. मी गेलो त्या दिवशी दोन चिलापी आणि मूठभर बारके मासे, एवढंच होतं. मालकीणबाईंनी ते कालवण दहा माणसांना कसं पुरवलं हे त्यांनाच ठाऊक. संडास घराजवळ, पक्का. साडेनऊला मालक फिरून सांगतात, "आता बत्त्या बंद करा, लेकरांनो." पन्नाशीच्या माणसालाही लेकरांनोच. आणि लोक खरंच बंद करतात.

मग काय होतं? काही होत नाही. तीच तर गंमत आहे. पंधरा-वीस मिनिटं डोळ्यांना काही दिसत नाही. मग डोंगराची कड दिसायला लागते. पाणी दिसत नाही, ऐकू येतं. कुठंतरी मासा उडी मारतो आणि त्याचा आवाज आपल्याला वाटतो त्यापेक्षा जवळून येतो. माझी मुलगी तेव्हा नववीत होती, मोबाइलशिवाय दहा मिनिटं न बसणारी. ती त्या रात्री दोन तास बसली. काय बघत होतीस विचारलं तर म्हणाली, काहीच नाही.

पहाटे तांबडं फुटायच्या आत काठावर माणूस दिसला. थर्माकोलचा तराफा, त्यावर एक फळी. संध्याकाळी लावून ठेवलेली जाळी काढायला निघाले होते. मालकांचे मामा. जाळी काढून परत आले तेव्हा सूर्य नुकताच वर आला होता. मुलीनं विचारलं, आजोबा किती मिळाले? त्यांनी टोपली तिरपी करून दाखवली. बोलले काहीच नाहीत. मग जाताना म्हणाले, "रातीला दिवा नसला की मासा काठाला येतो." माझ्या लक्षात राहिलेलं वाक्य ते आहे.

आता हेच मामा मे महिन्याच्या शनिवारी काय करतात? जाळी लावतच नाहीत. शुक्रवार, शनिवार दोन्ही रात्री घरी. कारण मागच्या हंगामात त्यांचं जाळं दोनदा फाटलं. एकदा कुणीतरी रात्री रबरी होडी घेऊन पाण्यात उतरलं आणि पाय अडकल्यावर चाकूनं जाळं कापून सुटलं. बरोबरच केलं म्हणा, जीव वाचवायचा तर कापणारच. पण रात्री त्या पाण्यात उतरायला त्याला परवानगी दिली कुणी? दुसऱ्यांदा जाळ्यात काचेची बाटली आली, फुटलेली. मामा अनवाणी असतात. काठाच्या चिखलात चप्पल टिकत नाही, म्हणून इथले मासे धरणारे सगळे अनवाणीच असतात. बाटल्या फेकणाऱ्यांनी एकदा हे डोळ्यांसमोर आणावं.

मी मागच्या जूनमध्ये, काजव्यांच्या ऐन शनिवारी, काठाकाठानं गाडी घेऊन गेलो होतो. बातमीसाठी. एका वळणावर थांबून तंबू मोजायला लागलो आणि अंधारात दिव्यांच्या माळांवरून मोजता मोजता सोडून दिलं. झाडांना दिव्यांच्या माळा! जांभळाला, सादड्याला, हिरड्याला. ज्या झाडांवर काजवे बसतात, त्याच झाडांवर विजेचे काजवे टांगलेले. खाली स्पीकर. बाजूला शेकोटी. त्या गर्दीत एक जोडपं वैतागून विचारत होतं, "काजवे कुठे आहेत?"

काजवा का चमकतो हे शाळेत शिकवतात, पण शिकून आपण विसरतो. नर चमकतो, मादी त्याला चमकून उत्तर देते, त्यावरून जोडी जमते. आपल्या हेडलाइटच्या उजेडात दोघांनाही एकमेकांचं बोलणं दिसत नाही. उडणारा काजवा जगतो जेमतेम काही आठवडे. त्याचं बाकीचं सगळं आयुष्य अळीच्या रूपात, ओल्या मातीत, पालापाचोळ्याखाली, गोगलगायी खात जातं. म्हणजे ज्या जमिनीवर आपण तंबूसाठी पाला झाडून सपाटी करतो, तिथं पुढच्या वर्षीचे काजवे असतात. तंबू मुरमाड माळावर लावला आणि झाडाखालचा पाला तसाच ठेवला, तर भांडण उरत नाही. एवढी साधी गोष्ट आहे. त्या आठ तंबूवाल्या मालकांना ती कुणी शिकवली नव्हती. झाडाखाली झोपू नये, एवढं त्यांना आजीनं सांगितलं होतं, कारण वेगळं असेल.

दुसरी गोष्ट पाण्याची. मे महिन्यात जलाशय खाली जातो. पाणी मागं सरकलं की तंबूही सरकतात, कारण प्रत्येकाला "लेकटच" हवं असतं. हा शब्द ऐकला की माझ्या पोटात गोळा येतो. जी जमीन जूनपर्यंत उघडी असते ती जुलैत पाण्याखाली असते. त्यावर जे जे टाकलं, पुरलं, सोडलं, ते पहिल्या पावसात जलाशयात. तंबूंच्या तात्पुरत्या शौचालयांचे खड्डेही तिथंच. घाटघरला आपण नगर जिल्ह्याची चेरापुंजी म्हणतो, तिथला पाऊस काय धुऊन आणत असेल याचा विचार करा. आणि अकोल्यातल्या मंडळींनो, आपल्या नळाला येतं ते प्रवरेचंच पाणी आहे.

आता सगळ्यात जड भाग.

मी बावीस वर्षं बातम्या करतोय. बुडून मेलेल्यांच्या किती बातम्या केल्या हे मोजलं नाही, मोजावंसं वाटत नाही. या बातम्यांचा एक साचा आहे. पोहण्याचा मोह. पाण्याचा अंदाज न आल्याने. आणि शेवटचं वाक्य ठरलेलं: "स्थानिकांच्या मदतीने मृतदेह बाहेर काढण्यात यश आले." हे वाक्य मी इतक्या वेळा लिहिलंय की हात आपोआप लिहितो. पण हे "स्थानिक" म्हणजे कोण? तेच. तराफ्यावरचे. ज्यांना कुठं काप आहे, कुठं गाळ आहे, कुठल्या बुडलेल्या ओढ्याची खोली अचानक वाढते हे ठाऊक आहे. एका बातमीला मी काठावर होतो. दोन भाऊ सकाळपासून बुड्या मारत होते. थंड पाण्यात. दुपारी सापडला. वीस-बावीसचा मुलगा. त्याचे मित्र काठावर बसून होते, एकमेकांकडं न बघता. पंचनामा झाला, गाडी गेली. त्या दोन भावांना कुणी चहाही विचारला नाही. धाकटा मला म्हणाला, "आता आठ दिवस मासा खाववत न्हाई आमाला." मासे हेच ज्याचं जेवण आणि तोच ज्याचा धंदा, त्याचं हे वाक्य.

या माणसांना मानधन नाही, विमा नाही, लाइफ जॅकेट नाही, दोर नाही. आपण सगळे गृहीत धरतो की ते उतरतील. आणि ते उतरतात.

मग अपघातानंतर काय होतं, तर आदेश निघतो. लोणावळ्याच्या भुशी धरणाजवळ ३० जून २०२४ ला एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली, अख्ख्या महाराष्ट्रानं तो व्हिडिओ बघितला. त्यानंतर पुणे जिल्ह्यात धबधबे, धरणं, गडांवर जमावबंदीचे आदेश निघाले. पुढच्याच वर्षी जूनमध्ये तळेगावजवळ कुंडमळ्याचा पूल माणसांसकट कोसळला, चार जण गेले. बंदीचा कागद माणसांना अडवू शकला असता तर एव्हाना सगळे पाणवठे सुरक्षित झाले असते. मी प्रशासनाला सरसकट दोष देत नाही. रविवारी पाच पोलीस आणि पाच हजार माणसं असं गणित असेल तर अधिकारी दुसरं काय करणार?

पण बंदीचं एक खास लक्षण आहे. ती सगळ्यांवर सारखी पडत नाही. आदेश आला की गावातल्या पोराचे आठ तंबू उठतात, कारण तो घाबरतो, त्याला नोटीस वाचता येते पण वकील परवडत नाही. दोन किलोमीटरवर पक्क्या बांधकामाचं, कुंपण घातलेलं, बाहेरच्या माणसाचं असतं ते चालूच राहतं. आतल्या बाजूला काय चाललंय ते रस्त्यावरून दिसत नाही ना. शिवाय बुकिंग घेणारा दलाल शहरात. एका जागामालकानं मला त्याची वही दाखवली होती. पर्यटकानं माणशी पंधराशे भरले, त्यातले याच्या हातात साडेतीनशे आले. त्यात जागा, पाणी, संडास, सकाळचे पोहे आणि पोलीस आल्यावर उत्तर देणं. डीजे कुणाच्या मागणीवरून लागतो? दलालाच्या जाहिरातीवरून. बदनाम कोण होतं? गाव.

कायद्याबद्दल थोडं, कारण दोन्ही बाजूंनी कायद्याचं नाव घेऊन थापा मारल्या जातात. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. अभयारण्यात कचरा टाकणं हा कलम २७ खाली मनाई असलेला प्रकार आहे. जंगलाला धोका होईल अशी आग पेटवणं, पेटती सोडून जाणं कलम ३० मध्ये. रात्री दहानंतर स्पीकरला तर सगळ्या देशात मनाई आहे, त्यासाठी अभयारण्याचीही गरज नाही. म्हणजे नवीन आदेश काढायच्या आधी असलेले तीन नियम पाळले तरी निम्मा गोंधळ थांबतो. काजव्यांच्या दिवसांत वनखातं नाके लावतं, शुल्क घेतं, हे चांगलंच आहे. पण नाक्यावर पावती फाडली की पुढं आत काय चालतं ते रात्री अकराला कोण बघतं?

इथं मला विदर्भातली एक जुनी गोष्ट आठवते. पेंच व्याघ्र प्रकल्पातला तोतलाडोह जलाशय. धरणानं उठवलेल्या आदिवासींच्या मासेमारीचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९९७ साली न्यायालयानं मध्य प्रदेशच्या बाजूच्या ३०५ परवान्यांना मुभा दिली, पण अटी घालून. त्यातली एक अट अशी की काठावर स्वयंपाकासाठीसुद्धा विस्तव पेटवायचा नाही. दुसरी, प्लास्टिकसारखं न कुजणारं काही काठावर टाकायचं नाही.

पोटासाठी मासे धरणाऱ्या, त्याच पाण्यानं घर बुडालेल्या माणसाला आपला देश सांगतो की चूल पेटवू नकोस. आणि दोन रात्रींसाठी आलेल्या पाहुण्याला आपण शेकोटी "पॅकेजमध्ये" देतो. जंगल तेच, पाणी तसंच, धोकाही तोच. मला अटींचं वावडं नाही. अटी योग्यच आहेत. पण ज्या अटी मासे धरणाऱ्याला लागतात त्या तंबूवाल्या पाहुण्याला का लागू नयेत, याचं उत्तर मला आजवर कुठल्याच कार्यालयात मिळालेलं नाही. एका ठिकाणी साहेब हसले आणि म्हणाले, "पर्यटनाला चालना द्यायचीय."

द्या की. कोण नको म्हणतंय.

अटी कोण घालणार आणि कोण पाळून घेणार, हा खरा प्रश्न आहे, आणि माझ्या मते त्याचं उत्तर ग्रामसभा. हे मी भाबडेपणानं म्हणत नाही. २००६ च्या वनहक्क कायद्यात सामूहिक हक्कांची यादी आहे. त्यात पाणवठ्यातले मासे आणि इतर उत्पन्न यांचा हक्क स्पष्ट शब्दांत लिहिलाय. परंपरेनं राखलेल्या जंगलाचं रक्षण आणि व्यवस्थापन करायचा हक्कही आहे. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावानं २००९ मध्ये असा सामूहिक वनहक्क मिळवून दाखवला आणि आपलं जंगल स्वतः चालवून दाखवलं. आपल्याकडच्या गावांना ते जमणार नाही असं म्हणणाऱ्यांनी हरिश्चंद्रगडाच्या पायथ्याची माणसं नीट बघितलेली नाहीत. शिवाय अकोल्याचा हा पश्चिम पट्टा अनुसूचित क्षेत्रात येतो, इथं ग्रामसभेच्या शब्दाला पेसा कायद्याचं जास्तीचं वजन आहे. ते वजन वापरलं नाही तर कागदावरच राहणार.

मला माहितीये, खालून प्रतिक्रिया काय येणार. "डीजे लावणारे गावातलेच आहेत की!" आहेत. मी नाकारत नाही. "ग्रामसभा म्हणजे सरपंचाचे चार लोक." काही ठिकाणी तसंही आहे. काठावर ज्याची जमीन त्याचे तंबू, आणि ज्याची जमीन शंभर वर्षांपूर्वीच पाण्यात गेली त्याला काय? त्याला भांडी घासायचं काम. हा सगळ्यात अवघड मुद्दा आहे आणि तो ग्रामसभेतच काढायला हवा, भांडण झालं तरी चालेल. बंद दाराआड ठरलं तर पुन्हा तेच होईल. तंबूंचा आकडा ठरवताना तो जमिनीच्या हिशेबानं न ठरवता घरांच्या हिशेबानं ठरवता येतो. प्रत्येक तंबूमागं ठरावीक रक्कम गावाच्या खात्यात घेता येते. त्यातून पहिला खर्च लाइफ जॅकेट, दोर, आणि बुडालेल्याला काढायला उतरणाऱ्यांचा विमा. हे मला कुणी सुचवायची गरज नाही, त्या दोन भावांना बघितल्यापासून डोक्यात आहे.

आणखी एक. तंबू आणि मासेमारी यांची वेळ आणि जागा वाटून घेता येते. जाळी लागतात त्या कडेला होड्या नकोत, अंधार पडल्यावर कुणीच पाण्यात नको. मामांना शुक्रवार-शनिवार घरी बसावं लागू नये, एवढंच.

पाहुण्यांना चार शब्द. तुम्ही या. जरूर या. बुकिंग करताना मालकाचा गावातला नंबर मागा, शहरातला नाही. तो म्हणाला की दहाला दिवे बंद होतात, तर ती जागा घ्या. कडाक्याची थंडी असली तरी पेटती शेगडी तंबूत नेऊ नका. बंद तंबूत कोळशाच्या धुरानं झोपेतच माणूस जातो, वास येत नाही, जाग येत नाही. दारू पिऊन पाण्यात उतरू नका, हे सांगायची लाज वाटते पण सांगतो. टॉर्चला लाल कागद लावा. मासे हवे असतील तर सकाळी काठावर जाऊन विकत घ्या आणि भाव करू नका.

आता १ मे. महाराष्ट्र दिनाचं झेंडावंदन झालं की बरेचजण पांगतात आणि ग्रामसभा सह्यांवर उरकते. यंदा थांबा. बायकांनी तर नक्की थांबा, कारण भाकरी तुम्ही थापता आणि वही दुसऱ्याच्या हातात असते. विषयपत्रिकेत विषय नसेल तर ऐनवेळचा विषय म्हणून मांडा. ठरावात काय लिहायचं हे विचारणाऱ्यांसाठी मसुदा देतो, हवा तसा बदला:

"गावाच्या हद्दीत जलाशयाच्या काठी तंबूंची कमाल संख्या ___ राहील. ती घरटी वाटून दिली जाईल. पाण्याच्या सर्वोच्च पातळीच्या रेषेखाली तंबू व शौचालय लावले जाणार नाही. झाडांना दिवे लावले जाणार नाहीत. शेकोटी व ध्वनिक्षेपक बंद. रात्री दहानंतर उजेड बंद. सूर्यास्तानंतर पर्यटकांना पाण्यात प्रवेश नाही. प्रत्येक तंबूमागे ___ रुपये ग्रामसभेच्या खात्यात जमा होतील व त्यातून बचाव साहित्य आणि मासेमारांचा विमा केला जाईल. बाहेरील दलालामार्फत बुकिंग घेणाऱ्याने ही अट लेखी मान्य करावी."

रिकाम्या जागी आकडा तुम्ही टाकायचा आहे. माझं विचाराल तर लहान टाका. ठराव झाला की इतिवृत्तावर अध्यक्षांची सही घ्या, नक्कल मागा, एक प्रत वनखात्याला आणि एक तहसीलला टपालानं द्या आणि पोच ठेवा.

आणि त्याचा एक फोटो मला पाठवा. ज्या गावाचा पहिला येईल त्या गावाची बातमी मी करणार, संपादकांनी एकच कॉलम दिला तरी.